मंगळवारची गोळी

सिनेमा कापणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. पडद्यावर रडणारी नटी सगळ्यांना दिसते, पण ते रडणं नेमकं कुठे थांबवलं म्हणून आपल्यालाही रडू आलं, हे कुणाच्या गावीही नसतं. ताईला त्याचं फारसं काही वाटत नसे. एकोणतीस वर्षं ती एका बंद खोलीत दोन पडद्यांसमोर बसून दुसऱ्यांची चित्रं कापत आली होती, आणि त्यातली निम्मी तरी कापण्यापेक्षा जाळण्याच्या लायकीची होती असं तिचं स्पष्ट मत होतं. ती जगाची ताई होती. चहावाला तिला ताई म्हणायचा, ध्वनिवाला म्हणायचा, पैसे बुडवणारा निर्माताही म्हणायचा. खरी ताई मात्र ती एकाचीच, आणि तो धाकटा सध्या तिच्या मागच्या खुर्चीत दिग्दर्शक म्हणून नखं कुरतडत बसलेला असे.

हा सिनेमा घरचा होता. दिग्दर्शक भाऊ, संकलक बहीण आणि मूळ कथा बापाची. बाबा म्हणजे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. मुलं त्यांना दशांश सर म्हणत, कारण उत्तर बरोबर असलं तरी दशांशचिन्हापुढे दोन घरं लिहिली नाहीत तर ते सरळ शून्य देत. तरुणपणी त्यांनी एक विज्ञानकथा लिहिली होती. ती एका मासिकात छापून आली, मासिक वर्षभरात बंद पडलं, आणि कथेचं नाव काढणारं घराबाहेर कोणी उरलं नाही. बाबांनी पुन्हा काही लिहिलं नाही. पण टीव्हीवर कुठलाही अवकाशातला सिनेमा लागला की ते पहिल्या पाच मिनिटांत बंद करायला लावत. पोकळीत स्फोटाचा आवाज आला की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची.

"विज्ञानकथेत एक थाप मारायची मुभा असते," ते म्हणत. "एकच. ती सुरुवातीलाच मारायची. त्यानंतर सगळं खऱ्यासारखं चाललं पाहिजे, अगदी घरातल्या भांडणासारखं. यानाचं दार कसं उघडतं हे दाखवायला कुणीही दाखवेल. दार उघडल्यावर समोर कोण उभं आहे आणि त्याला काय वाटतंय, हे ज्याला कळलं त्याने सिनेमा काढावा."

त्यांच्या कथेतली थाप एवढीच होती की एक यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातं. बाकी हिशेब चोख. चार वर्षांच्या मुलाला घरी ठेवून एक तिशीची बाई त्या यानातून जाते. तिची सहा वर्षं होतात, पृथ्वीवर बावन्न. ती परत येते तेव्हा छत्तीसची असते आणि मुलगा छप्पन्नचा. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती दोघं समोरासमोर बसतात. बस्स. सगळी कथा त्या टेबलासाठी होती.

काम सुरू झालं त्या दिवशी बाबांनी ताईला एकटीला खोलीत बोलावलं होतं.

"धाकट्यावर माझा भरवसा नाही. पोरगं गुणी आहे, पण कुणी डोळे वटारले की लगेच हो म्हणतं. तू मला शब्द दे. बाकी काय वाटेल ते काप, तो टेबलाचा प्रसंग कापायचा नाही."

"नाही कापणार, बाबा," ताई म्हणाली होती. तिने आयुष्यात फार शब्द दिले नव्हते, म्हणून दिलेले तिला तोंडपाठ होते.

टेबलाच्या प्रसंगात बाबांनी पानभर संवाद लिहिले होते. काळ, प्रकाश, वियोग, असं बरंच काही. नटांनी ते प्रामाणिकपणे म्हटलेही. ताईने चार महिने घासून त्यातला एकूण एक शब्द काढून टाकला. उरलं ते असं: मुलगा पाणी द्यायला उठतो, आईही त्याच वेळी उठते, दोघं उभीच राहतात. मुलाने काय म्हणावं, आईने काय करावं, कोण मोठं, कोण लहान, काहीच ठरत नाही. दोघं पुन्हा बसतात. आईची नजर टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीवर जाते. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सात वारांचे सात कप्पे. ती डबी उचलून बघते आणि म्हणते, "मंगळवारची तशीच राहिली आहे." छप्पन्न वर्षांचा तो माणूस खाली मान घालतो. "विसरलो," म्हणतो. "घे आधी," ती म्हणते. तो गोळी घेतो, पाणी पितो, आणि ग्लास खाली ठेवताना त्याचा चेहरा चार वर्षांचा होतो. नऊ मिनिटं चौदा सेकंद. संगीत नाही. ध्वनिवाल्याने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो जिन्यात जाऊन उभा राहिला होता. ताईला तेवढं पुरेसं होतं. आपण आयुष्यात एक तरी गोष्ट धड केली, असं तिला वाटलं आणि त्याचा आनंद तिने कुणाला दाखवला नाही.

मग निर्मात्याने चाचणीचा खेळ ठेवला.

साठ माणसं रस्त्यावरून धरून आणावीत तशी आणली होती. प्रत्येकाच्या हातात तारेला जोडलेलं एक फिरकीचं बटण. आवडलं तर उजवीकडे फिरवा, कंटाळा आला तर डावीकडे. हात काढला की आतल्या स्प्रिंगने बटण आपोआप मधे येई, आणि मधे म्हणजे शून्य. साठ बटणांची बेरीज होऊन मागच्या खोलीत एक रेघ उमटत राही. रेघेचं काम बघायला एक तरतरीत तरुण होता, त्याला सगळे आलेखवाला म्हणत.

ताईची स्वतःची एक पद्धत होती. ती खेळाला गेली की पडद्याकडे पाठ करून, पायरीवर आडवी बसायची आणि माणसं बघायची. सिनेमा तिला पाठ असायचा, माणसं नसायची. त्या दिवशीही ती तशीच बसली. यान उडालं तेव्हा लोक बटणं उजवीकडे पिळत होते, चुळबुळत होते, शेजाऱ्याशी बोलत होते. टेबल आलं आणि हॉल गप्प झाला. एकेकाचा हात बटणावरून निघाला. कुणी ओठांवर ठेवला, कुणी शेजाऱ्याच्या मनगटावर. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईचं बटण मांडीवरून घसरून खाली पडलं आणि तारेला लोंबत राहिलं, तिला पत्ताही नव्हता. ताईने मोजले, सत्तेचाळीस हात रिकामे होते. ती मनात म्हणाली, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या कचेरीत भिंतीवर रेघ लावली होती. यानाजवळ डोंगर, परग्रहाजवळ डोंगर, आणि टेबलाजवळ सपाट शून्य, नऊ मिनिटं.

"इथे प्रेक्षक मेला," आलेखवाला म्हणाला.

"इथेच तर तो जिवंत होता," ताई म्हणाली. "अहो, त्यांनी हात सोडले होते. बघण्यात गुंतला की माणूस बटण पिळत बसतो का? तुमची स्प्रिंग त्याला शून्य म्हणते, त्याला तो काय करणार?"

"मॅडम, हात हलला नाही म्हणजे प्रतिसाद नाही. यंत्राचं शास्त्र असं आहे."

"मी समोर बसून माणसं बघत होते."

"ताई," निर्माता गोड आवाजात म्हणाला. हा माणूस गोड बोलायला लागला की समजावं, सुरी धार लावून तयार आहे. "तुमच्या नजरेबद्दल आदर आहे. पण तुम्हाला चष्मा आहे. यंत्राला नाही. नऊ मिनिटांची दीड करा. मिठी मारू दे दोघांना, वर व्हायोलिन चढवा. आणि शेवटी यान फुटू दे. आवाजासकट."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर रेघेशिवाय काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

"बघू," तो म्हणाला. "करू काहीतरी."

गाढवाला गुळाची चव काय, असं ताई निर्मात्याबद्दल म्हणू शकली असती. पण हो म्हणणारं गाढव तिच्या घरचं होतं आणि त्याला चव चांगली ठाऊक होती. राग त्याचाच जास्त होता.

खेळ संपल्यावर प्रेक्षकांनी एकेक कागदही भरून दिला होता. कोणता प्रसंग लक्षात राहिला, असा साधा प्रश्न. ते कागद कुणी उघडलेच नव्हते, रेघ हाताशी असताना वाचण्याचा त्रास कोण घेतो? ताईने गठ्ठा घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर पसरून एकेक वाचला. साठातल्या एक्केचाळीस जणांनी गोळीबद्दल लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, "मी घरी गेल्यावर आईला फोन करणार आहे." तिने ते एक्केचाळीस कागद वेगळे काढले, रबर लावला आणि धाकट्याच्या घरी जाऊन त्याच्या पुढ्यात आपटले.

त्याने सगळे वाचले. मग रबर पुन्हा नीट लावला.

"मला माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "मला हे कागद नसते दाखवलेस तरी माहीत होतं."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"निर्मात्याला पटवायला दोन महिने जातील. तोवर थिएटरचे पडदे दुसऱ्या कुणाच्या सिनेमाला जातील, आणि आपला डबा कपाटात पडेल. कपाटात पडलेला सिनेमा बाहेर आलेला तू कधी पाहिलास का? बाबा ब्याऐंशीचे आहेत. मागच्या महिन्यात दोनदा दवाखान्यात नेलं. त्यांनी नऊ मिनिटांसाठी वाट बघायची की नाव पडद्यावर बघायचं? तूच ठरव."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"मग दुसरा कुणी कापेल. निर्मात्याने माणूस बघूनही ठेवलाय. तो मंगळवार ठेवेल आणि गोळी काढेल, एवढी त्याला अक्कल."

हे मात्र खरं होतं. ताईला तो माणूस माहीत होता, जाहिराती कापणारा. तीन दिवस ती कामावर गेली नाही. चौथ्या दिवशी गेली, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने नऊ मिनिटांची दीड मिनिटं केली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्केही आपलेच. तिने मिठी ठेवली, व्हायोलिन चढवलं, यान फोडलं, आवाजासकट. काम इतकं सफाईदार झालं की आलेखवाल्याने तिचं अभिनंदन केलं. त्या आठवड्यात कंपनीने मूळ चित्रीकरणाच्या डिस्क रीतीप्रमाणे पुसून दुसऱ्या कामाला दिल्या. त्याआधी ताईने तो प्रसंग आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, कुणाला न सांगता. जगात त्याची तेवढी एकच प्रत राहिली.

"बाबांना आधी सांगू नकोस," धाकटा म्हणाला. "खेळानंतर मी सांगतो."

पहिला खेळ दुपारी होता. बाबांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. ताई त्यांच्या शेजारी बसली आणि त्या दिवशी तिला एकाच माणसाकडे बघायचं होतं, पण तिचं धाडस होईना. टेबल आलं, मिठी आली, टेबल गेलं. यान फुटलं, खुर्च्या हादरल्या. तिला वाटलं, आता हे उठतील, सगळ्यांसमोर मला विचारतील. दिवे लागले तेव्हा चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि धाकटा बाबांना हाताला धरून व्यासपीठावर नेत होता.

एका पत्रकार मुलीने त्यांना विचारलं, चांगला, गंभीर विज्ञानपट कशाने होतो?

बाबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "यंत्रं दाखवणं सोपं असतं," ते म्हणाले. "विज्ञानाने माणसाच्या घरात काय उलथापालथ होते, ते दाखवायला धीर लागतो. प्रेक्षकाला शहाणा समजावं लागतं. त्याला थोडा वेळ गप्प बसू द्यावं लागतं. माझ्या मुलाने तो धीर दाखवला." पुन्हा टाळ्या. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि एकही त्या सिनेमाला लागू नव्हता. ताईला हसावं की ओरडावं तेच समजेना.

गाडीत तिनेच विषय काढला. धाकटा काही सांगणार नव्हता, हे तिला त्याच्या मानेवरून कळत होतं.

"बाबा, टेबलाचा प्रसंग..."

"हो, छोटा केलात." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "बरं केलंत. लोकांना एवढा दम नसतो."

"आणि तो स्फोट? आवाज?"

"कथेला थोडा जोर लागतो शेवटी," दशांश सर म्हणाले.

ताई घरी गेली आणि जेवली नाही. प्रसंग कापल्यापासून ती ज्या माणसापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू म्हणून जळत होती, त्याला जळण्याची काही गरजच वाटली नव्हती. शब्द तिने मोडला होता आणि मोडल्याचा त्रासही एकट्या तिलाच. तिला वाटलं, त्यांनी मूळ प्रसंग पाहिलेला नाही म्हणून असं बोलतात. पाहिला की त्यांची शीर उडेल, ते मला शिव्या घालतील, धाकट्याला घालतील, आणि मग सगळं पुन्हा जागेवर येईल. शिव्यांसाठी एवढी आसुसलेली लेक दुसरी नसेल.

सकाळी दहाला ती लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेली. ते खिडकीजवळच्या टेबलाशी वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटो बघत होते. तिने वर्तमानपत्र बाजूला सारलं, यंत्र पुढ्यात ठेवलं.

"नऊ मिनिटं आहेत. बघा. मग काय ते बोला."

बाबांनी पाहिलं. ग्लास खाली ठेवला गेला, पडदा काळा झाला, आणि तरी ते तिकडेच बघत राहिले.

"मी पानभर संवाद लिहिला होता," ते म्हणाले. "तो कुठे गेला?"

"नको वाटला. काढला."

"गोळ्यांची डबी माझी नाही."

"नाही. ती त्या नटाचीच होती, चुकून टेबलावर राहिली होती. मी ठेवली."

बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मला लिहिता आलं नव्हतं ते हे आहे," ते म्हणाले. "हेच म्हणायचं होतं मला. पन्नास वर्षांपूर्वी."

प्रसंग कापल्यापासून पहिल्यांदाच ताईला हलकं वाटलं. ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसणार, एवढ्यात ते म्हणाले, "पूस."

"काय?"

"हे पुसून टाक. दुसरीकडे कुठे आहे का?"

"नाही. एवढीच प्रत आहे. पण का, बाबा? चांगला नाही का?"

"चांगला आहे म्हणूनच सांगतोय. वाईट असता तर राहू दिला असता." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा समोर ओढलं, पण बघितलं नाही. "काल चारशे माणसं उभी राहिली, पोरी. माझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा. हा असेपर्यंत मला त्या टाळ्या माझ्या वाटणार नाहीत. आणि मला आता दुसऱ्या मिळायच्या नाहीत. तेवढा वेळ नाही माझ्याकडे."

ताईला म्हणायचं होतं की हा तुमचा एकट्याचा नाही. यात माझे चार महिने आहेत, माझी एकोणतीस वर्षं आहेत, मीही आयुष्यात एकच गोष्ट धड केली आहे. पण बाबांनी ते विचारलं नव्हतं, आणि त्यांना ते सुचलंही नव्हतं. तिला त्यांची चीड आली, निर्मात्याची आणि धाकट्याची मिळूनही तेवढी आली नव्हती. समोर बसलेला म्हातारा शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता.

"मग तुम्हीच पुसा," ती म्हणाली.

"मला कुठे येतं त्यातलं?"

तिने यंत्र त्यांच्याकडे वळवलं. "हे दाबा. मग ते विचारेल, नक्की का? पुन्हा हेच दाबा."

बाबांनी चष्मा घातला, वाकून अक्षरं वाचली आणि बोटाने एकदा दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं.

"झालं?"

"झालं."

"परत येणार नाही ना कुठून?"

"नाही, बाबा. आता कुठूनच येणार नाही."

ते मागे टेकले. चेहरा सैलावला होता, दवाखान्यातून घरी आणल्यावर सैलावतो तसा. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या त्या दुसऱ्या हॉलमध्ये सत्कार आहे ना? गाडी किती वाजता येणार, जरा धाकट्याला विचार."

ताईने फोन लावला आणि विचारलं.

"साडेचारला," ती म्हणाली. "चारलाच तयार होऊन बसा."